टॉवेलवरची टिटवी

हर्षदा विहिरीवर पाणी प्यायला गेली आणि तेवढ्यात त्या माणसाने टिटवी पुसून टाकली.

खरी टिटवी नव्हे. ती इनामगावच्या त्या रानात, ढेकळांच्या आडोशाला आपल्या अंड्यांवर मुकाट बसली होती. पुसली गेली ती कॅनव्हासवरची – हर्षदाचं पहिलंच तेलरंगातलं चित्र! टिटवी, भोवती काळी माती, लांबवर घोड नदीची चंदेरी रेघ. शिरूरच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची आणि उन्हाळ्याची सगळी सुट्टी ती या चित्रात घालत होती.

"रोटरची धूळ बसली व्हती, ताई," तो म्हणाला. त्याच्या हातातल्या टॉवेलवर अर्धी टिटवी होती. "म्हणलं, पुसून द्यावं."

"ओला रंग आहे हो तो..."

हा बिरदेव. राहू गावचा. हर्षदाच्या वडिलांनी, आबांनी, रान तयार करायला त्याचा ढेकळं फोडणारा रोटर लावलेला ट्रॅक्टर बोलावला होता. हर्षदाने कपाळाला हात लावला. पक्षी पुन्हा काढायचा तर तो समोर बसलेला हवा, आणि आबांना तर संध्याकाळपर्यंत सगळं रान भुसभुशीत हवं होतं.

बिरदेव ट्रॅक्टरवर चढला. टिटवीभोवती खाटेएवढी जागा सोडून त्याने बाकी रान उरकलं, आणि राहिलेला तुकडा पिल्लं निघाल्यावर करून देतो, असं आबांना परस्पर सांगूनही टाकलं.

मग तो येतच राहिला. कधी काकड्या घेऊन, कधी नुसताच. बांधावर बसून विचारायचा, डोळा झाला का, पाय एवढे पिवळे कशाला? शीळ घालायचा, की टिटवी ओरडत उठायची. हर्षदा वैतागून जायची. त्यातही सगळ्यात जास्त वैताग त्या 'ताई'चा! अनोळखी मुलीला इकडे ताईच म्हणतात, हे काय तिला माहीत नव्हतं? तरी दर वेळी ब्रश थांबायचा. एक दिवस तो आला नाही, तर तिच्याकडून टिटवीची चोच सारखी चुकली. मग ती स्वतःवरच चिडली.

शेवटी पिल्लं निघाली. टिटवी त्यांना घेऊन नदीकडे गेली. बिरदेवने उरलेल्या तुकड्यावर रोटर फिरवला आणि पूर्ण झालेल्या चित्रापाशी येऊन उभा राहिला.

"झालं मग," तो म्हणाला. "आता यायला काय कारण न्हाई, ताई."

असा कसा हा माणूस!

"तेलरंग वाळायला महिना लागतो," ती फणकाऱ्याने म्हणाली. "रोज येऊन बघावं लागतं."

"रोज?"

"रोज. चित्राला हात लावायचा नाही. आणि मला ताई म्हणायचं नाही."

त्याने खांद्यावरचा टॉवेल चाचपला. त्यावर टिटवीचा तपकिरी डाग अजून तसाच होता. इतके दिवस त्याने तो धुतलाच नव्हता.

"मग... काय म्हणू?"

हर्षदाने पुन्हा कपाळाला हात लावला. "आता तेही मीच सांगू?"

त्याने आधी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मग मान वर केली.

"उद्या येतो... हर्षदा."