विचारपूस

गाडी चालवणं का सोडलं, असं तुम्ही मघाशी सहज विचारलंत. पायामुळे, असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. दार लोटून घ्या जरा, आणि बसा.

माझं काम तेव्हा पाण्याचे नमुने गोळा करण्याचं होतं. डोंगरातले झरे, ओढे, जुन्या विहिरी. महिन्यातून दोनदा जीप काढायची, बाटल्या भरायच्या, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेत पोचवायच्या. डांबरी रस्ता संपला की चाकोऱ्या लागायच्या, आणि चाकोऱ्या संपल्या की नुसते दगड. बारा वर्षं मी त्या दगडांवरून गाडी नेत होते. "तुला नवऱ्यापेक्षा गिअर जास्त कळतात," असं माई म्हणायच्या. माई म्हणजे माझ्या सासूबाई. घरात त्या, माझा नवरा, मी आणि आमची सहा वर्षांची मुलगी. तिचं घरातलं नाव खारू. जन्मली तेव्हा खारीएवढीच होती.

त्या दिवशी शेवटचा झरा राहिला होता. सकाळचे अकरा वाजले असतील. स्वच्छ ऊन होतं. कडेनं जाताना डाव्या चाकाखालची माती सुटली. मी ब्रेक दाबला नाही, स्टेअरिंगही बरोबर फिरवलं. म्हणजे चूक काही केली नाही. पण माती सुटली की सुटली. गाडी तीन वेळा उलटली आणि खाली कोरड्या ओढ्यात एका कुशीवर येऊन पडली.

नंतरची शांतता मला अजून आठवते. एक चाक वर फिरत होतं... टक्, टक्, टक्... आणि हळूहळू थांबलं. फुटलेल्या बाटल्यांचं पाणी कुठंतरी ठिबकत होतं. डिझेलचा वास येत होता. माझा उजवा पाय डॅशबोर्डखाली चेपला होता आणि कंबरेखाली काही माझं उरलंच नव्हतं. मान वळत नव्हती. फोन कुठं उडाला होता कोण जाणे. मी थोडा वेळ ओरडले, मग ओरडणंही जमेना. डोळे मिटायला लागले. फार छान वाटत होतं मिटताना.

तेवढ्यात मागच्या सीटकडून आवाज आला.

"झोपू नका हं, बाई."

बाईचाच आवाज. मऊ, जरा घोगरा. वास मात्र डिझेलचा नव्हता, ओल्या चिखलाचा होता.

"कोण?" मी विचारलं.

"बोलत राहा. झोपलात की संपलं. घर कुठं तुमचं?"

मला रडूच आलं. कुणीतरी आलं होतं! मी घर कुठं ते सांगितलं. गल्ली सांगितली, दाराचा रंग सांगितला.

"घरात कोण कोण?"

तेही सांगितलं. डोळे मिटू लागले की ती लगेच पुढचं विचारायची. मुलगी शाळेतून किती वाजता येते? तिला भात कसा लागतो? केस कोण विंचरतं? मी सांगत गेले... खारूला मऊ भात लागतो, वाटीत नाही, खोलगट ताटलीत. तिची वेणी चार पेडांची घालते मी, नवऱ्याला साधी तीन पेडांचीही जमत नाही. ताप आला की तिला कपाळावर नाही, तळपायांवर हात लागतो. झोपताना तिच्या कानात काय म्हणायचं, तेही सांगितलं. ते मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

"दाराची जादा किल्ली कुठं असते, बाई?"

"तिसऱ्या कुंडीखाली."

हे सगळं सुटका करायला आलेलं माणूस कशाला विचारेल, असं आता वाटतं ना? मला तेव्हा नाही वाटलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. काडी कुठल्या झाडाची हे बुडणारा बघत नाही.

ऊन कलायला लागलं. मग तिनं अगदी कानाजवळ येऊन विचारलं, "घरी वाट बघत असतील. मी जाऊ का तुमच्या घरी?"

मला वाटलं, निरोप द्यायला.

"जा..." मी म्हटलं. "लवकर जा."

त्यानंतर मागून काहीच आवाज आला नाही. थोड्या वेळानं वरून दगड घरंगळले, आणि काठी टेकत एक मेंढपाळ खाली उतरला.

*

तीन आठवडे मी रुग्णालयात होते. खुब्याचं हाड, मांडीचं हाड, चार बरगड्या. पायात सळई घातली. मग चालायला शिकवतात त्या विभागात हलवलं. लांब खोली, दोन्ही बाजूंना खाटा, मधोमध हाताला धरायचे दोन समांतर दांडे. तिथल्या व्यायामवाल्या बाईंना सगळे पेशंट हवालदारीण म्हणायचे. "पाय तुमचा आहे, भाड्यानं आणलेला नाही. टाका पुढं!" असा त्यांचा खाक्या.

मेंढपाळ एकदा भेटायला आला. खाटेच्या कडेला अवघडून बसला. इकडंतिकडं बघत म्हणाला, "दुसऱ्या बाई कुठल्या वॉर्डात आहेत?"

"कोण दुसऱ्या?"

"तुमच्याबरोबरच्या. मी वरून चाललो होतो, तर दोघींचं बोलणं ऐकू आलं. एक विचारत होती, एक सांगत होती. म्हणून तर उतरलो. नाहीतर त्या ओढ्यात कोण उतरतंय..."

"का? काय आहे त्या ओढ्यात?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि उठलाच. जाताना मात्र थांबून म्हणाला, "तिथं कुणी विचारलं, तर आम्ही उत्तर देत नाही. एवढंच."

डॉक्टरांना मी सांगितलं. ते समजूतदारपणे हसले. अशा वेळी मेंदू स्वतःशीच बोलतो, त्यानंच तुम्हाला जागं ठेवलं, म्हणाले. नवऱ्यालाही ते पटलं. मलाही पटवून घ्यायचं होतं.

रविवारी खारूला घेऊन नवरा आला. मी तिला कुशीत घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि हात तिथंच थांबला. वेणी चार पेडांची होती. घट्ट, सरळ, शेवटी आत दुमडलेली. माझीच पद्धत.

"वेणी कुणी घातली?" मी नवऱ्याला विचारलं.

"माईंनी असेल."

माईंची बोटं संधिवातानं वाकलेली. त्यांना साडीची निरी धरता येत नव्हती.

"खारू, कुणी घातली गं?"

"आईनं," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघितलं आणि गप्प झाली.

नवरा मला बाजूला... बाजूला कुठला, मी तर खाटेलाच खिळलेली! वाकून हळूच म्हणाला, "तुझी आठवण काढते गं सारखी. मनानंच रचते काहीतरी. पण खरं सांगू? तू काळजी करू नकोस. घर कसं अगदी नीट चाललंय. मला वाटलं होतं, माझी त्रेधा उडेल. पण नाही. आणि हो, ती जादा किल्ली तू हलवलीस का? कुंडीखाली नाहीये."

त्या दिवसापासून मी हवालदारणीच्या हात धुऊन मागं लागले. दोनदाच्या ऐवजी चारदा दांड्यांमधून चालायचे. घामानं गाऊन भिजायचा, सळईतून कळ मस्तकात जायची.

"एवढी घाई कसली?" त्या एकदा ओरडल्या. "घर कुठं पळून जातंय का?"

घर पळून जात नव्हतं. माझी जागा जात होती. पण हे कुणाला सांगणार?

*

दोन महिन्यांनी, वॉकर घेऊन, मी घरी आले. पुढच्या खोलीत माझी खाट टाकली होती. पहिले दोन दिवस मी नुसती कान देऊन पडून होते. काही नव्हतं. घर खरोखरच नीट होतं. इतकं नीट, की माझ्या हातचंच वाटावं. डब्यांची तोंडं मी फिरवते तशी फिरवलेली. फडकं मी वाळत घालते तसं, दुहेरी.

तिसऱ्या दिवशी खारू पाण्याचा पेला घेऊन आली. लांबूनच हात पुढं केला.

"पाणी हवंय का तुम्हाला?"

मला वाटलं, खेळतेय. "असं काय गं? तुम्हाला काय?"

"औषध घेतलंत का तुम्ही?"

अहो, आईच्या पोटचं मूल आईला अहो-जाहो करतं का? माझ्या खारूनं मला जन्मात 'ए आई' शिवाय हाक मारली नव्हती. मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही. परक्याच्या घरी बसतात तशी अंग चोरून उभी राहिली.

"तुम्ही का म्हणतेस मला, राजा?"

"आईनं सांगितलंय," ती हळू आवाजात म्हणाली, "पाहुण्यांशी नीट बोलायचं. बऱ्या होऊन जाणारेत त्या."

आणि ती स्वयंपाकघरात पळाली. तिथं ती कुणाशी तरी कुजबुजली... आणि हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा कामावर, खारू शाळेत, माई आतल्या खोलीत पडलेल्या. मी उठले. वॉकर टेकत, एक एक फरशी मोजावी तशी, स्वयंपाकघराकडं निघाले. बावीस पावलं होती. भर दुपार. रस्त्यावर कुठं मोटार नाही, कुत्रं नाही. नळ ठिबकत होता. दारात पोचले आणि ओल्या चिखलाचा वास आला.

आत कुणी नव्हतं. मी ओट्याला धरून उभी राहिले.

"बाई... तुम्ही कशाला उठलात?"

आवाज माझ्या मागून आला. खांद्याशीच. तेव्हा मान वळत नव्हती. आता वळत होती, तरी मी वळवली नाही.

"मी आलेय," मी म्हटलं. "तुम्ही मला जागं ठेवलंत. ते मी विसरणार नाही. पण आता तुम्ही जा."

"तुम्हीच तर जा म्हणालात. घरी जा म्हणालात."

"हो. चुकलं माझं."

मग मला काय सुचलं कोण जाणे. तिनं मला शंभर गोष्टी विचारल्या होत्या, मी तिला एकही विचारली नव्हती. तिथली माणसं तिच्याशी बोलतही नाहीत हे माहीत असूनही मी विचारलं, "तुमचं घर कुठं, बाई? कोण आहे तिथं?"

मागचा श्वास थांबला.

"...पहिल्यांदाच विचारलं कुणी," ती म्हणाली. आवाज एकदम म्हातारा झाला होता, किंवा एकदम लहान. मला सांगता येत नाही. "होतं एक. पण असं रिकाम्या हातानं कसं जाऊ मी... इतक्या दिवसांनी?"

आणखी दोन मिनिटं मी उभी राहू शकले नसते. मला ती जायला हवी होती, बस्स.

"काय हवं ते न्या," मी म्हटलं. "पण जा."

माझ्या मानेवर काहीतरी गार टेकलं. बोटं असावीत. मग वास गेला. नळ ठिबकायचा थांबला. मी तिथंच फरशीवर बसले आणि माई उठून येईपर्यंत बसून राहिले. अगदी देहभान हरपून रडले असेन, कारण माईंनी मला पोटाशी धरलं होतं, एवढंच आठवतं.

सव्वाचारला शाळेची गाडी वाजली. दार धाडकन उघडलं.

"ए आई! तू उठलीस? तू चालतेस!"

खारू धावत आली आणि माझ्या मांडीवर आदळली. पाय कळवळला, पण मी तिला सोडलं नाही. रात्री तिनं ताटलीतून मऊ भात खाल्ला, माझ्या कुशीत झोपली. जादा किल्ली सकाळी उंबऱ्यावर मिळाली. आठवड्याभरात नवरा पुन्हा मोजे शोधू लागला, डबे उलटेसुलटे झाले, दूध उतू गेलं. मला त्या उतू गेलेल्या दुधाचा इतका आनंद झाला म्हणून सांगू! घर पुन्हा आमचं झालं होतं. महिन्याभरानं वॉकर सुटला, काठी आली.

त्याच सुमारास एकदा माई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण दिवसभर रस्ता बघत बसायची हौस. मी शेजारी बसून पायाला तेल चोळत होते. खारू अंगणात एकटीच काहीतरी खेळत होती.

"तुझी ती मैत्रीण परत आली नाही गं," माई म्हणाल्या.

"कुठली मैत्रीण?"

"तू फरशीवर बसलेली सापडलीस ना, त्या दिवशी. मला पडल्या पडल्या दार वाजलेलं ऐकू आलं म्हणून खिडकीतून पाहिलं, तर ती निघाली होती. पाठमोरी. घाईघाईनं, त्या उन्हात. बरं, एकटी असती तर गोष्ट वेगळी. कडेवर मूल होतं."

माझा हात थांबला. बाहेर खारूनं मान वर केली, आमच्याकडं बघून हसली, आणि पुन्हा खेळायला लागली.

"रडत होतं बिचारं," माई म्हणाल्या. "तिच्या खांद्यावरून सारखं मागं बघत होतं. आपल्या घराकडं."

मूल साधारण किती वर्षांचं होतं, ते मी माईंना विचारलं नाही. त्या दुपारी खारू वर्गात होती का, हे शाळेतही कधी विचारलं नाही. आता माई नाहीत. खारू यंदा अकरावीला गेली. हुशार आहे, मायाळू आहे, मला एका क्षणासाठीही दृष्टीआड होऊ देत नाही, मग गाडी कुठली काढणार?

बघा, तिचीच पावलं वाजताहेत. ती आली की हे काही बोलू नका. आणि हो... तिनं तुम्हाला तुमच्या घरच्यांबद्दल काही विचारलं, तर हसून विषय बदला.