शहाण्णव गुण

शनिवारी सकाळी बिंदुसरा धरणाच्या कडेला मासे धरणाऱ्यांना अभिमन्यूचं प्रेत सापडलं. पुण्याच्या एका बड्या कंपनीसाठी तो सॉफ्टवेअर लिहायचा. धरणाजवळच्या पालीत खोली घेऊन, तिथूनच काम करत एकटा राहायचा. डोक्यामागे खोल जखम होती.

दुपारी त्याचा धाकटा भाऊ अजिनाथ कोठडीत गेला.

त्याच्या लॅपटॉपमध्ये कंपनीचं एक मीटर होतं. कोण किती काम करतो हे मोजून ते प्रत्येकाला रोज गुण द्यायचं. मीटर म्हणत होतं, अभिमन्यू शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कामावर होता. त्याच संध्याकाळी अजिनाथ दिंद्रुडहून पालीत आला होता, आणि शेताच्या बांधावरून दोघा भावांचं वाकडं होतं. ठाण्याचे साहेब म्हणाले, "मशीन कशाला खोटं बोलेल?" डॉक्टरांना मात्र प्रेत जास्त दिवसांचं वाटत होतं. पण पाणी गार, नक्की सांगवेना.

फौजदार वर्षाराणीनं सगळं ऐकून घेतलं. हल्ली तिला प्रेताचं काही वाटत नसे, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नसे. ती कोठडीपाशी गेली.

"शुक्रवारी कशाला आलास?"

"बांधाचं मिटवाय. दादाच्या दाराला कुलूप व्हतं. माघारी गेलो."

"मशीन म्हणतं, तो आत होता."

"मग मशीनलाच इचारा."

पालीच्या खोलीत अभिमन्यूची बायको रोहिणी भिंतीला टेकून बसली होती. ती दिंद्रुडला सासरी राहायची.

"कुलूप कुणी काढलं?"

"घरमालकानं तोडलं. फोन उचलंनात म्हणून सकाळीच आलते. आत पंखा फिरत व्हता. बंद केला मी. ह्या थंडीत कावून लावला, कळंना."

टेबलावर लॅपटॉप होता आणि शेजारी तो मान फिरवणारा पंखा. पंख्याच्या जाळीला दोऱ्याचा तुकडा लोंबत होता. माऊस खाली पडलेला. त्यालाही तुटका दोरा.

वर्षाराणीनं पुण्याला फोन लावला. अमरसिंह अभिमन्यूच्या टीमचा प्रमुख होता.

"तुमचं मीटर मोजतं काय?"

"हालचाल. टायपिंग, माऊस."

"या आठवड्यात त्यानं टाईप काय केलं?"

त्यानं नोंदी उघडून पाहिल्या. "मंगळवारपासून एक अक्षर नाही. नुसता माऊस. पण गुण उत्तम होते, मॅडम. आम्ही त्याला अभिनंदनाचा मेलही पाठवला."

"ते गुण कुणाला दिसतात?"

"ज्याचे त्याला, त्याच्याच लॅपटॉपवर. आणि मला. मी कुणाला सांगत नाही."

संध्याकाळी उत्तरेश्वर ठाण्यात आला. तोही त्याच टीममध्ये, बीडमधून काम करणारा. बातमी ऐकून पुण्याहून थेट आलो म्हणाला.

"पुण्याला कधी गेलात?"

"गुरुवारी रात्री."

"अभिमन्यूशी शेवटचं बोलणं?"

"रविवारी, फोनवर. नंतर न्हाई. म्हणलं, कामात असंल. लई चांगलं चाललं व्हतं त्याचं. गुरुवारी शहाण्णव गुण पडलेते."

वर्षाराणीनं हातातला चहा खाली ठेवला.

"अभिमन्यू सोमवारीच मेला. दाराला बाहेरून कुलूप आणि आत पंखा चालू. फिरत्या पंख्याला माऊस बांधून कुणीतरी त्याला कामावर ठेवलं होतं. अजिनाथला मीटर काय मोजतं हे ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक होतं. गुरुवारचे गुण त्या एकाच लॅपटॉपवर दिसत होते. तो तुमच्याशी बोलला नाही, मग शहाण्णव कुठं पाहिलेत?"

उत्तरेश्वर सपाट आवाजात बोलू लागला.

"जानेवारीत तळाच्यांना काढणार व्हते. त्याचं काम मी माझ्या नावानं टाकायचो. तो तासन्‌तास इचार करत बसायचा, त्याचे गुण तसेही कमीच यायचे. सोमवारी धरणावर म्हणाला, सायबाला सांगतो. मी ढकललं. खाली दगड व्हते. किल्ली त्याच्या खिशात व्हती. पासवर्ड म्हाईत व्हता. म्हणलं, मी पुण्यात असताना तो जिता दिसंल."

वर्षाराणीनं अजिनाथला सोडलं. फाटकाशी रोहिणी उभी होती. बांधाचं भांडण पोलिसांना तिनंच सांगितलं होतं. अजिनाथनं चपला घातल्या.

"मी सांगाय नको व्हतं," ती म्हणाली.

"राहू द्या वहिनी. दादाला कधी देणारेत?"

"उद्या सकाळी."

"मग तितंच थांबू," तो म्हणाला, आणि दोघं दवाखान्याच्या बाजूला चालू लागले.