साडेआठशे अंश

१९६२ सालच्या मार्चमध्ये कंपनीनं मला पुण्याहून मद्रासला पाठवलं. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत कृष्णाजीरावांचा लहानसा कारखाना होता. तिथं मोटारीच्या पिना तेलावर चालणाऱ्या भट्टीत तापवून कडक करत. भट्टीचं तापमान साडेआठशे अंशांवर राहायला हवं. ते वर-खाली झालं की पिना वाया जात. तेलाच्या नळीवरचं लोखंडी चाक हातानं फिरवून ते तापमान राखायचं काम राणोजीराव नावाचे साठीचे गृहस्थ करत. त्यांच्या जागी स्वयंचलित नियंत्रक बसवायला मी आलो होतो.

राणोजीराव तंजावरकडचे. मराठी जुन्या वळणाचं, तमिळ हेलाचं. मला ते तिथल्या पद्धतीनं 'सार' म्हणत. मी कशासाठी आलोय हे त्यांना ठाऊक होतं. तरी पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या डब्यातला दहीभात माझ्यापुढं ठेवला आणि यंत्र काय करतं ते विचारलं.

मी समजावलं. भट्टीतली तार तापमान मोजते. आपल्याला हवं ते तापमान आणि असलेलं तापमान यांतला फरक यंत्र बघतं, त्या मानानं तेल कमी-जास्त करतं आणि पुन्हा मोजतं. सगळं शास्त्र या फेऱ्यात आलं. त्यांनी मन लावून ऐकलं. मग विचारलं, फरक पडेपर्यंत यंत्र काय करतं? काहीच नाही, मी म्हणालो. फरक पडल्याशिवाय त्याला काही कळत नाही.

यंत्र जोडलं आणि माझी फजिती झाली. नोंदीच्या गोल कागदावर जांभळी रेघ लाटांसारखी चढू-उतरू लागली. नऊशे, आठशे, पुन्हा नऊशे. दोन दिवस मी झगडलो. राणोजीराव मागं उभे होते. शेवटी हळू आवाजात म्हणाले, "भट्टीला कळाला वेळ लागतो, सार. तुमचं यंत्र तेवढं थांबत नाही. थोडं थोडं द्या."

हेच मी पुस्तकात एक आख्खं प्रकरणभर वाचलं होतं. यंत्राचा जोर निम्म्यावर आणला तशा लाटा बसल्या. रेघ आठ-दहा अंशांत राहू लागली. मी खूश झालो. मग सहज ते हातानं चाक फिरवत तेव्हाचे जुने कागद काढले, तर तिथली रेघ कंपासानं ओढावी तशी होती.

हे कसं जमतं ते पाहायला मी एक दिवस यंत्र बंद ठेवलं आणि घड्याळ घेऊन त्यांच्याजवळ बसलो. भट्टीचं दार उघडायच्या आधी ते तेल वाढवत. त्यात नवल नव्हतं, दारावरच्या माणसाची हाक ऐकू येई. दुपारी समुद्रावरचा वारा सुटायच्या आधी चाक फिरे. तीही सवय म्हणता येईल. पण त्या दिवशी तीनदा वीज मंदावली आणि भट्टीला हवा देणारा पंखा कण्हत हळू झाला. तिन्ही वेळा चाक चाळीस सेकंद आधी फिरलेलं होतं.

मी आकडे वहीत उतरवले. भीती वाटली नाही. एवढं देखणं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

नवव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, यंत्र चालू होतं. रेघ नेमकी साडेआठशेवर. फरक शून्य.

राणोजीराव आले, त्यांनी यंत्र चाकाला जोडणारी खुंटी काढली आणि तेल पूर्ण बंद केलं.

ज्वाळा विझल्या. मी चिडून रेघेकडं बोट दाखवलं. ते भट्टीवरच्या पाचही माणसांना तमिळमध्ये बाहेर घालवत होते. कृष्णाजीराव ऑफिसातून धावत आले, आत तीनशे पिना आहेत म्हणून रागावले. राणोजीरावांनी ऐकून घेतलं.

"सगळ्यांनी बाहेर याचं," ते म्हणाले. "तुम्ही पण, सार."

आम्ही रस्त्यापलीकडच्या झाडाखाली उभे राहिलो. माझ्या घड्याळात सात मिनिटं गेली.

मग आतून पोतं पडल्यासारखा आवाज झाला. भट्टीची कमान कोसळली होती. समोरची भिंत फुटून लाल विटा माणसं उभी राहतात तिथं पसरल्या होत्या.

कृष्णाजीरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि राणोजीराव दोघंच आत गेलो. तेलाची नळी टाकीपासून सोडवून ठेवली होती. चाक तेवढं जागच्या जागी होतं. त्यांना आधी कसं कळतं, मी विचारलं.

त्यांना प्रश्न अवघड वाटलेला दिसला.

"मला कुठं काय कळतंय? मी फिरवत नाही, सार. नुसता हात ठेवतो."

मी हसलो. ते हसले नाहीत. बाजूला झाले.

"ठेवून पाहा. जोर लावू नका."

मी तळवा ठेवला. लोखंड गार होतं. राणोजीरावांचे दोन्ही हात पाठीमागं होते.

चाक हललं.

मी हात उचलला.

ते पाव वळसा उघडलं. थांबलं. आणि मग, फार जपून, केसभर मागं आलं.