समासातलं गाव

"काका, रजिस्टर गेलं," केतकी म्हणाली आणि फोनवरच रडायला लागली.

सोमवारचे साडेनऊ वाजले होते. सरकारी कारखान्यात तीस वर्षं सुरक्षा अधिकारी म्हणून चोर पकडून दामोदर पार कंटाळला होता. आता मारतहळ्ळीच्या घरात निवांत पेपर वाचायला मिळावा, एवढीच त्याची मागणी. ती कुठे पुरी व्हायला! पुतणी अडचणीत म्हटल्यावर गुडघ्याला पट्टा बांधून तो निघाला. हेब्बाळला पोचेपर्यंत रिक्षावाला चारदा "स्वल्प ट्रॅफिक, सर" म्हणाला. स्वल्प कसलं डोंबलाचं! दीड तास गेला.

केतकी एका खाजगी संशोधन संस्थेत जुने वैद्यकीय कागद सांभाळायची. तिनं रिकामी पेटी पुढे केली.

"कसलं रजिस्टर?"

"१९०८ सालचं. डोंगरातल्या आदिवासींना देवीची लस टोचल्याची नोंद. इंग्रज सरकारच्या छापील फॉर्मवर मथळा 'भटक्या जमाती'. भटक्यांना गाव कुठलं, म्हणून गावाचा रकानाच नाही. पण लस टोचणारा माणूस भला होता. त्यानं प्रत्येक नावासमोर उजव्या समासात वस्ती हातानं लिहिली. होन्नेमट्टी."

"मग?"

"उद्या अकराला वनहक्क समितीपुढे सुनावणी आहे. होन्नेमट्टीची माणसं पिढ्यानपिढ्या तिथेच राहतात, याला हा एकच पुरावा. मूळ रजिस्टर घेऊन मीच जायचंय. नाही नेलं तर त्यांची जमीन जाईल, काका. माझी नोकरी जाईल ती वेगळीच."

"फोटो काढलेत?"

"इथे फोटोला बंदी आहे."

दामोदरनं सुस्कारा टाकला. फाटकावर त्याची स्वतःची पिशवी दोनदा उलटीपालटी करून पाहिली होती. बाहेर काही जाणं कठीण. म्हणजे रजिस्टर इमारतीतच होतं.

"शेवटचं कधी पाहिलंस?"

"गेल्या सोमवारी. शिवण उसवली होती, म्हणून बाइंडिंगच्या यादीत टाकलं. बुधवारी सुनावणीचं पत्र आलं, तेव्हा यादीतून खोडलं."

"किल्ली?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये. सगळ्यांना ठाऊक आहे."

तिनं देवघेवीची वही उघडली. आत खुणेसाठी जाडसर कागदाची बोटभर रुंद पट्टी होती. अशा पट्ट्या वाचनकक्षाच्या टेबलावर पेलाभर ठेवल्या होत्या. वहीत रजिस्टरची एकच नोंद होती, दोन आठवड्यांपूर्वीची. नाव अभिराज.

अभिराज पुण्याहून आलेला संशोधक. कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसला होता.

"रजिस्टर दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणून केतकीशी भांडलात म्हणे?"

"भांडलो. माझं पुस्तक व्हायचंय, सर. पण मी आकडे घेतो. किती टोचले, किती वाचले. ते सगळे माझ्याकडे आहेत. रजिस्टर चोरून मी काय लोणचं घालू?"

"समासात काय लिहिलंय?"

"समासात? बघितलं नाही बुवा."

त्याचं तोंड बघून दामोदरला ते खरं वाटलं.

तळघरात परसू होता. निपाणीकडचा, तीस वर्षं इथला बाइंडर, दोन महिन्यांनी निवृत्त होणारा. खोलीत ताज्या खळीचा वास होता. लोखंडी दाबयंत्राचा स्क्रू घट्ट पिळलेला होता.

"काम जोरात दिसतंय, अण्णा?"

"कसलं, साहेब! आठवडा झाला, हात लावला नाही कशाला."

"त्या खुणेच्या पट्ट्या तुम्हीच करता?"

"व्हय. कात्रण टाकवत नाही. जुना कागद लई चिवट. कोरी बाजू वर ठेवून जाड कागदावर डकवतो."

परसू बोलत होता, पण नजर वर करत नव्हता.

जिन्यावर पवित्रा भेटली. होन्नेमट्टीची पहिली शिकलेली नर्स, अर्जदारांच्या वतीनं आलेली. दामोदर तिच्याशी मोडक्या कन्नडमध्ये बोलला.

"हे समासाचं इथे कुणाला सांगितलं होतंस?"

"शनिवारी सगळ्यांना, अण्णा. सुनावणीची तारीख मिळाली म्हणून चिक्की वाटली ना, तेव्हा. माझ्या पणजीचं नाव आहे त्यात. केंची. त्या माणसानं आमचं गाव लिहून ठेवलं म्हणून आम्ही आहोत, असं म्हणाले मी."

"परसू होता?"

"होता की. त्याला पहिली चिक्की दिली."

दामोदर वाचनकक्षात परत आला. त्यानं केतकीच्या वहीतली पट्टी उचलून ट्यूबलाइटसमोर धरली. कोऱ्या कागदाच्या आड शाईची अर्धी अर्धी अक्षरं दिसली. त्याला फार थकल्यासारखं झालं. चोर सापडल्याचा आनंद म्हणून काही झालाच नाही.

सगळ्यांना घेऊन तो तळघरात उतरला.

"हे कुणी चोरलेलं नाही," तो स्टुलावर बसत म्हणाला. "केतकी, परसूअण्णा बाइंडिंगची पुस्तकं स्वतःच फळीवरून काढतात ना?"

"नेहमीच. नोंदही करत नाहीत."

"तू सोमवारी यादीत टाकलंस, त्यांनी नेलं. तू बुधवारी कागदावर खोडलंस, पण खाली येऊन सांगितलं नाहीस. पेटी उघडून बघितलीही नाहीस. त्यांनी नवी शिवण घातली आणि उस्तादानं शिकवलं तसं तिन्ही कडा सुरीनं सारख्या केल्या. उजवी कडासुद्धा."

केतकीनं तोंडावर हात घेतला. "समास!"

"कात्रणाच्या पट्ट्या झाल्या. शनिवारी पवित्रानं समासाचं सांगितलं, तेव्हा आपण काय कापलं ते अण्णांना कळलं. आठवडाभर काम नाही म्हणता, अण्णा, मग खळ ताजी कशी? आणि यंत्रात काय दाबून ठेवलंय?"

परसूनं स्क्रू सोडवला. रजिस्टर बाहेर आलं. देखणं, कडा एकदम सरळ. प्रत्येक नावासमोर अर्धी तुटलेली अक्षरं.

"पट्ट्या परत जोडाव्यात म्हणून खळ केली, साहेब," तो म्हणाला. "गोळा करून चिकटवून देईन म्हटलं. पण वर जाऊन मागायचं धाडस होईना. तीस वर्षांत एक पान फाटलं नव्हतं माझ्या हातनं."

"सरकारनं आम्हाला भटके म्हटलं," पवित्रा म्हणाली. "एका माणसानं गाव लिहिलं. ते तुम्ही कापलंत. आणि वर गप्प बसलात. मी उद्या माझ्या लोकांना काय सांगू?"

परसूनं हात जोडले. तिनं मान फिरवली.

"भांडण नंतर," दामोदर म्हणाला. "खळ पाण्यानं सुटते का?"

"सुटते. शाई हलत नाही."

मग पाचही जण कामाला लागले, अभिराजसुद्धा. एकेक पुस्तक उघडून पट्ट्या काढल्या. परसू ओल्या फडक्यानं त्या सोडवत होता, केतकी पानाशी जुळवत होती. कापलेलं अक्षर कापलेल्या अक्षराला भिडलं की शंकेला जागाच उरत नव्हती. संध्याकाळी पाचला एकेचाळीस पानांपैकी चाळीस पुरी झाली.

राहिलं होतं तेविसावं. त्या पानावर नाव होतं केंची.

पेला रिकामा होता. सगळी कपाटं दोनदा पाहून झाली होती. दामोदरचा गुडघा ठणकत होता. पवित्रा खुर्चीत बसली आणि रडायला लागली.

परसू तिच्यासमोर खाली बसला.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "तुमच्या वहीत बघा. चिक्की दिलीत तेव्हा मी एक पट्टी दिली होती. तुम्ही समासाचं बोललात ते त्यानंतर. परत मागायचं तोंड नव्हतं मला."

तिनं पिशवीतून वही काढली. समितीपुढे बोलायचं भाषण जिथे लिहिलं होतं, तिथेच पट्टी होती. परसूनं हात पुढे केला. तिनं पट्टी दिली नाही. त्याच्या हातातलं ओलं फडकं घेतलं आणि स्वतःच हळूहळू कागद सोडवू लागली.