गुडघ्यातली फट

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, पण नव्या दवाखान्याला पाणी अजून टँकरचंच. एक्स-रेची फिल्म धुवायला बादलीभर पाणी मिळावं म्हणून मी रोज टँकरच्या ड्रायव्हरशी भांडायचे. नांदेडला फिजिक्सची एम.एस्सी. करून मी इथं संशोधनाच्या उमेदवारीवर आले होते. काम एकच. म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यात दोन हाडांमधली फट किती उरलीय, ते फिल्मवर मोजायचं. प्यायला पाणी नाही आणि या बाईचं हे खूळ, असं लोक तोंडावर म्हणायचे. म्हणेनात का! मी हट्टाला पेटले होते.

शिवम्मा शिरूर अनंतपाळहून लेकाबरोबर आली. तिच्या गुडघ्यात फट नव्हतीच, हाडावर हाड बसलेलं.

"चालायचं ऱ्हाऊ दे बाई," ती म्हणाली. "मला मांडी घालता आली पायजे. बसायलाच यीना गेलंय."

लेक, बसलिंगप्पा, तिच्या चपला सरळ करू लागला. मग तिनंच सांगितलं. त्यांच्यात माणूस गेलं की त्याला मांडी घालून, तळहातावर लिंग देऊन समाधीत बसवतात. तिच्या नवऱ्याचे गुडघे आखडलेले होते. शेवटी दोघांनी जोर लावून वळवले.

"त्यो आवाज मी ऐकलाय. मला तसं न्हाई बसायचं."

हिला मांडी घालायला लावायचंच, असं मी तिथंच ठरवलं. व्यायाम समजावताना निरोगी नमुना म्हणून माझ्याच गुडघ्याची फिल्म उजेडावर लावली.

"ही कुणाची?"

"माझी."

"मला दे की."

रोज डोळ्यांसमोर राहिली तर व्यायाम तरी करेल, असं मला वाटलं. माझी काय, पुन्हा काढता आली असती. "घ्या," मी म्हटलं.

"मनापासून दिलीस?"

"दिली, आज्जी."

तिनं पिशवीतलं भस्म काढलं, फिल्मवर तीन बोटं ओढली आणि हात जोडले.

महिन्यानं पुन्हा तिचा फोटो काढला, तर फट दिसली. बारीक होती, पण होती. मी आनंदानं नाचायचीच बाकी. आमचे सर म्हणाले, मशीन तिरकं लागलं असेल.

पुढच्या महिन्यात फट आणखी रुंदावली. शिवाय हाडाच्या बाहेरच्या कडेला एक पुसट रेघ होती. शाळेत असताना मी सायकलवरून पडले, तेव्हापासून माझ्या हाडावर तशी रेघ आहे. अगदी तिथंच.

"फिल्मा बदलल्या," सर म्हणाले.

बदलणार कशा? तिला मीच उभं केलं होतं, तिचा नंबरही मीच चिकटवला होता. मी भांडून आणखी एक बादली पाणी आणलं आणि दुसरी फिल्म काढली. तीच रेघ.

"व्यायाम करता ना, आज्जी?"

"कसला व्यायाम? मी निसतं बघत बसते."

पोळ्याच्या आधी शिवम्मा गेली. गणाराधनेच्या, म्हणजे तिच्या दिवसांच्या, जेवणाला मी मुद्दाम शिरूरला गेले. मला विचारायचंच होतं.

"लेकरावानी वळले पाय," बसलिंगप्पा म्हणाला. "कायबी आवाज न्हाई." त्यानं डोळे पुसले आणि माझी फिल्म पुढं केली. "बाईचं बाईला दे, म्हणली हुती."

मी ती उन्हात धरली. भस्माच्या पट्ट्यांखाली माझाच नंबर होता. रेघ नव्हती. फट नव्हती.

धुऊन वाळलेली फिल्म बदलत नाही. उद्या सकाळी माझा नवा फोटो काढायचा, मी ठरवलं.

पंगत मांडली होती. मी पानासमोर बसायला गेले.

गुडघा वळेना.

मी जोर लावला. आत कट् झालं.

बसलिंगप्पा ओसरीवरून उंच खुर्ची घेऊन आला. ती पुसून तयार ठेवलेली होती.

"आई सांगून गेलती," तो म्हणाला. "बाईला लागंल."