हिरव्या पट्टीची माणसं

दंडावरची हृत्पट्टी हिरवीगार होती, आणि मथुराबाई घोरपडे हृदयकेंद्राच्या दारात कठड्याला धरून धापा टाकत होत्या.

कऱ्हाडात आता चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या दंडावर ही पट्टी असे. हृदयावर ताण आला की त्याचे स्नायू एक प्रथिन रक्तात सोडतात; पट्टी ते सतत मोजायची. प्रथिन वाढलं की ती लाल व्हायची, आणि केंद्राचं दार लाल पट्टीलाच उघडायचं. हिरव्यांना दारातलं यंत्र सल्ला देऊन परत पाठवायचं. मथुराबाईंना दर वेळी एकच सल्ला मिळे : वजन कमी करा.

एके काळी गोळाफेकीत नाव काढलेल्या बाईंना आपलं शरीर कळत होतं. पाय सुजले होते, बसल्याखेरीज झोप लागत नव्हती. यंत्राने पुन्हा तेच ऐकवलं तेव्हा त्यांच्या मस्तकात तिडीक गेली. एका लाल पट्टीवाल्याच्या पाठोपाठ त्या आत घुसल्या आणि थेट डॉ. ओजस पेडणेकरांपुढे उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी आधी पट्टीकडे पाहिलं, मग त्यांच्या देहाकडे, आणि समजुतीच्या सुरात वजनाचा विषय काढला.

"वजनाचं नंतर बोला," बाई म्हणाल्या. "आधी मला आडवं झालेलं बघा."

त्या तपासणीच्या टेबलावर उताण्या झाल्या. बघता बघता ओठ निळसर पडले, बुडणाऱ्या माणसासारखी त्यांची तडफड सुरू झाली. पेडणेकरांनी त्यांना घाईने उठवून बसवलं, प्राणवायू लावला, पाठीला स्टेथोस्कोप टेकवला. फुप्फुसांच्या तळाशी पाणी साचलं होतं.

इंजेक्शनने धाप जरा कमी झाल्यावर बाईंनी विचारलं, पट्टी खोटं का बोलली? पेडणेकर नजर चुकवत सांगू लागले. जाड माणसांच्या रक्तात हे प्रथिन हृदय थकलं तरी कमीच आढळतं. लाल रंगाची मर्यादा मात्र सगळ्यांना एकच ठेवली होती.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"शिकलो होतो, बाई. पट्टी आल्यापासून कुणी रुग्णाला हात लावून बघत नाही."

आपल्यासारख्या ज्यांना ज्यांना परत पाठवलं, त्या सगळ्यांना आत्ताच्या आत्ता बोलवा, असं बाईंनी बजावलं. वरून परवानगी लागेल, असं डॉक्टर पुटपुटले. बाईंनी टेबलावरचा फोन त्यांच्यापुढे सरकवला आणि तिथून हलल्या नाहीत.

अखेर पेडणेकरांनी संगणकावर परत पाठवलेल्यांची यादी काढून पहिला नंबर लावला. पलीकडे घंटी वाजू लागली.

"आणि डॉक्टर," बाई म्हणाल्या, "जे स्वतः फोन उचलायला उरलेच नसतील, त्यांच्या घरच्यांना काय सांगणार आहात?"