सलूनवाल्याचं मत

बंद सलूनच्या आतून कात्री चालल्याचा आवाज येत होता.

ती पायरीवर नुसती टेकायला म्हणून बसली होती. सकाळपासून वस्तीतली घरं पालथी घातली होती, मास्कच्या आत चेहरा उकडून निघाला होता, आणि हातातल्या टॅबची बॅटरी तिच्यासारखीच संपत आली होती. समोरचा रस्ता दुपारच्या उन्हात रिकामा पडलेला. आणि पाठीमागे, अर्ध्यावर ओढलेल्या शटरच्या आत — कच्, कच्... कच्.

सलून उघडायला अजून परवानगी नव्हती. मग आत कोण कोणाचे केस कापत होतं?

दुसरं कोणी असतं तर घोटभर पाणी पिऊन पुढे गेलं असतं. पण तिला घरी सगळे ‘चौकशी’ म्हणायचे. लहानपणी प्रश्न विचारून विचारून बाबांना भंडावून सोडायची, तेव्हा पडलेलं ते नाव. ती वाकली आणि तिने शटरखालून आत पाहिलं.

मास्क लावलेला एक उंच तरुण खुर्चीमागे उभा होता. खुर्चीत कोणीच नव्हतं. तो हवेतच कात्री चालवत होता, अगदी मन लावून, मधूनच कंगवा फिरवल्यासारखा डावा हात वळवत. मग त्याला आरशात तिचे डोळे दिसले आणि कात्री थांबली.

“बंद आहे,” तो म्हणाला.

“दिसतंय. गिऱ्हाईकही दिसत नाहीये.”

“शटरखालून डोकावणाऱ्यांचे केस आम्ही तसेही कापत नाही.”

“मी केस कापायला नाही आले. मत विचारायला आले.”

तो मास्क नाकावर नीट ओढत, शटर वर करून बाहेर आला. पायरीच्या दुसऱ्या टोकाला, चांगलं अंतर ठेवून उभा राहिला. तिने नेहमीचं पाठ केलेलं सांगितलं — आजार थोडा ओसरलाय, तर या भागातले निर्बंध सैल करावेत का, याबद्दल लोकांना काय वाटतं ते आम्ही विचारतोय. चारच पर्याय. लगेच करावेत, हळूहळू करावेत, इतक्यात नको, सांगता येत नाही.

खरं तर विचारायच्या आधीच तिने मनात ‘लगेच’वर बोट ठेवलं होतं. इतके दिवस दारोदार फिरून तिला माणसं कळायला लागली होती. कोपऱ्यावरच्या निवृत्त साहेबांना बाग लगेच उघडायला हवी होती, पण त्यात फक्त त्यांनाच सोडावं असं त्यांचं मत होतं. जुळ्यांच्या आईने प्रश्न पुरा होऊ न देता “आधी शाळा, मग बाकी जग” असं सांगून टाकलं होतं. एक नवरा मुलगा दाराबाहेर येऊन हळूच म्हणाला होता, लग्नाला माणसं कमी बोलवायचा नियम तेवढा राहू द्या. आणि ज्यांची दुकानं बंद होती ते सगळे एका सुरात म्हणत होते, उघडा.

“इतक्यात नको,” सलूनवाला म्हणाला.

तिचं बोट तसंच राहिलं. “प्रश्न कळला ना तुम्हाला? म्हणजे... त्यात तुमचंही दुकान आलं.”

“कळला.”

“आणि तरीही नको?”

“हा पुढचा प्रश्न आहे का?”

“नाही. का, ते विचारायची आम्हाला परवानगी नाही.”

“मग सुटलो मी.” त्याच्या डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या. म्हणजे हसला असावा. “आणि तुमचं मत काय?”

“कामावर असताना मला मत नसतं.”

“अवघड नोकरी आहे. सुट्टी कधी असते?”

“रविवारी.”

“रविवारी तरी मत असतं ना?” तिच्या कपाळाकडे बघत तो म्हणाला, “आणि ते पुढचे केस... कोणी कापले?”

तिचा हात आपसूक कपाळावर गेला. “बाबांनी. स्वयंपाकघरातल्या कात्रीने.”

“बाबांचा तुमच्यावर जीव आहे?”

“खूप.”

“तरीच. रागाने कोणी इतके वाकडे कापणार नाही.”

ती पुढच्या घराकडे निघाली, पण दिवसभर तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. ज्याचं पोट कात्रीवर, तो उघडू नका म्हणतो. आणि कात्री चालवतो हवेत. आणि मास्कच्या आत त्याचं नाक कसं असेल, हेही तिला उगाचच जाणून घ्यायचं होतं.

रविवारी ती फिरायला म्हणून बाहेर पडली आणि पाय त्याच गल्लीत वळले. तो पायरीवर बसून कंगवे धूत होता. शटर वर होतं. आत भिंतीला लागून एक लाकडी जिना वर जाताना दिसत होता.

“आज मत आहे?” त्याने विचारलं, जणू काही ती येणार हे त्याला माहीतच होतं.

“आहे. सांगता येत नाही.”

“म्हणजे सांगायचं नाही?”

“नाही हो. तेच माझं मत आहे... सांगता येत नाही.” ती पायरीच्या तिच्या टोकाला बसली. “मी ज्या घरात जाते, त्या घरातून बाहेर पडताना मला त्यांचंच पटलेलं असतं. जुळ्यांच्या आईकडून निघाले की वाटतं, उघडून टाकावं सगळं. पुढच्या घरी कोणीतरी गेलेलं असतं, भिंतीवर फोटो असतो. मग वाटतं, कशाला घाई.”

तो कंगव्याचं पाणी झटकत राहिला. मग म्हणाला, “तो जिना दिसतोय? वर माझी आत्या राहते. आई-वडिलांनंतर तिनेच वाढवलं मला. मागच्या लाटेत ती मरता मरता वाचली, छातीत अजून ताकद नाही. वर जायला दुसरी वाट नाही. दुकान उघडलं की दिवसभर माणसं येणार, खोकणार, बोलणार... आणि ती हवा थेट तिच्या खोलीत. एक जण खुर्ची विकत घ्यायला येऊन गेला परवा. देऊन टाकावी म्हणतो. दुसरं काहीतरी करेन.”

“आणि ती रिकामी कात्री?”

त्याने मान खाली घातली. “तिला दुपारी त्या आवाजावर झोप लागते. सवय आहे. खाली काम चाललंय असं वाटलं की बरं वाटतं तिला.”

तिला काहीतरी छान बोलायचं होतं. पण तोंडातून प्रश्नच बाहेर पडला. “आत्यांचं मत काय आहे?”

“कशाबद्दल?”

“उघडायचं की नाही, याबद्दल.”

“अहो, तिच्यासाठीच तर हे सगळं—”

“म्हणजे विचारलं नाहीत.”

वरून टाळी वाजली. दोघांनी माना वर केल्या. गॅलरीच्या कठड्यावर कोपरं टेकून एक किरकोळ अंगाची बाई उभी होती, बहुधा बऱ्याच वेळापासून. “पोरी, वर ये बघू तू,” ती म्हणाली. “मला मत द्यायचंय.”

सलूनवाला नको नको म्हणत होता, पण आत्यापुढे त्याचं काही चाललं नाही. ती हात धुऊन, मास्क नीट करून जिना चढली आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, उघड्या दाराशी बसली. तो जिन्यातच उभा राहिला.

“आमच्या घरी एकाचंच मत घेतलं ना तुम्ही?” आत्या म्हणाली. “मग हे दुसरं. अगं, हा बिचारा रोज दुपारी खाली हवा कापत बसतो. केसातली कात्री वेगळी वाजते आणि रिकामी वेगळी. मला इतक्या वर्षांत ते कळणार नाही? त्या रिकाम्या आवाजाने माझी झोप उडते. पडून राहते आणि विचार करते, माझ्यापायी पोराचं असं झालं. मला जगायचंय, नाही असं नाही. पण असं... कोणाच्या गळ्यात दगड होऊन नाही.”

“आत्या, तू दगड नाहीस,” जिन्यातून आवाज आला.

“मग दगडासारखं जपू नकोस. मागे अंगण आहे, मोकळं. तिथे खुर्ची टाक. मी मागच्या गॅलरीतून चार माणसांच्या गप्पा तरी ऐकेन.”

ती खाली उतरली तेव्हा तो बाजूला सरकला आणि थंडपणे म्हणाला, “तुमचं बरं आहे. प्रश्न विचारायचा आणि पुढच्या घरी जायचं. इथे राहायचं आम्हाला असतं.”

त्याचं खरं होतं. म्हणूनच तिला ते लागलं. घरी येऊन ती न जेवता झोपली. दोन-तीन दिवसांनी एका सकाळी उठली ती अंगात ताप घेऊनच.

बाबा औषध आणायला धावले. तिला मात्र औषधाचं सुचत नव्हतं. डोळ्यांपुढे एकच गोष्ट — ती खोली, उघडं दार, पलीकडे बसलेली आत्या. अंतर होतं, मास्क होता... पण ती कितीतरी घरांतून फिरून तिथे गेली होती. सलूनच्या पाटीवरचा फोन नंबर तिच्या लक्षात होता. तिने तो लावला.

“मी... पाहणीवाली. मला ताप आलाय. तपासणीला दिलंय, अजून कळलं नाही. आत्यांकडे लक्ष ठेवा. मी वर जायला नको होतं.”

पलीकडून नुसतं “ठीक आहे,” आणि फोन बंद.

संपलं, तिला वाटलं. जे अजून सुरूही झालं नव्हतं ते संपलं म्हणून रडू येणं हा मूर्खपणा होता, पण ती रडली. उशीत तोंड खुपसून, बाबांना ऐकू जाणार नाही अशी.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. आत्या होती. “मी ठणठणीत आहे. तू कशी आहेस? हा इथे तोंड पाडून बसलाय. फोन कर म्हटलं तर म्हणतो, काय बोलू. घे, बोल.”

“मी रागावलो होतो,” तो म्हणाला. “घाबरलो होतो, खरं तर. रात्रभर तिचा श्वास ऐकत बसलो. मग सकाळी वाटलं, तुम्ही फोन केला नसता तर मला कळलंही नसतं. असा फोन करणं... सोपं नसतं.”

“तुमचा आवाज वेगळाच येतोय,” ती म्हणाली.

“मास्क नाहीये ना.”

दोघंही हसली. मग तो रोज फोन करू लागला. आधी तापाची चौकशी, मग आत्याची, मग कशाकशाची. तपासणीत काही निघालं नाही, साधा ताप होता. तो उतरला, तरी फोन थांबले नाहीत. लहानपणी तो पावडरच्या डब्याशी बोलायचा, हे तिला कळलं. ती चालताना पायऱ्या मोजते, हे त्याला कळलं. बाबा दारातून डोकावून म्हणायचे, “चौकशी संपली की जेवायला या.”

महिनाअखेरीला नवा नियम निघाला. मोकळ्या जागेत, एका वेळी एक गिऱ्हाईक, अशी सलूनला परवानगी मिळाली. वस्तीत त्यावरही दोन तट पडले. निवृत्त साहेब म्हणाले फार उशीर केला, शेजारच्या काकू म्हणाल्या फार घाई केली. सलूनवाल्याने मात्र खुर्ची खांद्यावर घेतली आणि मागच्या अंगणात नेऊन ठेवली.

“पहिला नंबर तुमचा,” त्याने फोनवर सांगितलं. “धूळ खाल्लेल्या पाटीपेक्षा तुमच्या कपाळाची लाज वाटते मला.”

ती गेली. अंगणात सावली होती, दोरीवर पांढरे टॉवेल हलत होते, ओल्या मातीचा आणि साबणाचा वास येत होता. तिच्या गळ्याभोवती कापड बांधताना त्याची बोटं मानेला लागली न लागली. इतके दिवस मोजून मापून दूर राहिलेली दोन माणसं... एकदम इतकी जवळ. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. कात्री कानामागून सरकत पुढे आली.

“कानाजवळचं कापायचंय,” तो म्हणाला. “मास्कची दोरी... क्षणभर काढाल? मोकळी हवा आहे. मी माझा ठेवतो.”

तिने दोरी काढली आणि डोळे मिटून घेतले. कात्रीची वाट पाहिली. कात्री आलीच नाही.

“काय झालं?” तिने डोळे उघडले. तो समोर उभा होता.

“काही नाही. मी मनात दुसराच चेहरा धरून बोलत होतो इतके दिवस.”

“मग? फसवलं मी तुम्हाला?”

“नाही.” तो हळू बोलत होता. “फक्त आता याची सवय करावी लागेल. वेळ लागेल जरा.”

“किती?”

“तुमची हरकत नसेल तर... बरीच वर्षं.”

दोरीवरचे टॉवेल हलत राहिले. तिला आयुष्यात पहिल्यांदा विचारायला काहीच सुचेना. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“तिकडे जा,” ती शेवटी म्हणाली. “भिंतीपाशी. आणि तुझाही चेहरा दाखव. न बघता मी हो म्हणणार नाही.”

तो भिंतीपाशी गेला, मास्क खाली ओढला आणि गुन्हेगारासारखा उभा राहिला. नाक जरासं वाकडं होतं. हनुवटीवर खळी होती. आणि तो इतका घाबरलेला दिसत होता की तिला खुदकन हसू आलं.

“चालेल,” ती म्हणाली. “हो.”

वरून खोकल्याचा आवाज आला. दोघंही जागच्या जागी गोठली. तो धावत खुर्चीपाशी आला, दोघांचे चेहरे वर. मागच्या गॅलरीत आत्या कठड्याला धरून वाकली होती, खोकत होती, तोंडापुढे पदर. एक हात हलवून काहीतरी सांगू पाहत होती.

“आत्या!” तो म्हणाला. “पाणी आणू?”

“अरे हसतेय मी,” ती कसाबसा श्वास घेत म्हणाली. “हसता हसता ठसका लागला. हसू दे की मला.”

पण आत्याचा ठसका पुरता थांबेपर्यंत दोघं तशीच वर बघत राहिली. त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट होता. तिने कापडाखालून आपला हात बाहेर काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.